तोंडओळख

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून माझा ब्लॉग सुरू झाला. नाव ठेवलं ‘तोंडओळख’. कवळ्या करणाऱ्या माणसाने याहून चांगलं नाव शोधून दाखवावं. आमच्या लॅबच्या खाली जिचं दुकान आहे त्या झेरॉक्सवालीने तो उघडून दिला. तिचा स्वतःचा कुंडीतल्या झाडांवर ब्लॉग आहे आणि तो म्हणे चिक्कार लोक वाचतात. मी तिच्याकडे कागदांच्या प्रती काढायला जातो आणि उगाच रेंगाळतो. परवा ती म्हणाली, “काका, तुम्ही मला जेवढं सांगता ना, तेवढं कुठेतरी लिहा की. माझ्याकडे गिऱ्हाईक उभं असतं.” हा टोमणा होता हे मला घरी आल्यावर कळलं. तोवर कल्पना आवडून गेली होती. ‘काका’ मात्र आवडलं नाही. पंचावन्न हे काय काका व्हायचं वय आहे?

जे ब्लॉगवर घालता येणार नाही ते या डायरीत लिहीन.

घरात बोलायला कोणी उरलं नाही म्हणून माझे हे उद्योग, असं तिला वाटत असणार. तसं काही नाही. ताई इथे होती तेव्हा तरी आम्ही असे काय गप्पा मारत होतो? ती बस डेपोत हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर होती. संध्याकाळी येऊन कोणाची छत्री, कोणाचा एकच बूट असलं काहीतरी सांगायची आणि मी पेपरातून मान वर न काढता हं हं करायचो. त्या खिडकीवर राहून तिची भाषासुद्धा सरकारी झाली. फ्रिजवर अजून तिची चिठ्ठी आहे: ‘गॅसवाला मंगळवारी येईल. मागच्या दाराची कडी नीट लावावी. कळावे.’ सख्ख्या भावाला कळावे! डिसेंबरात लग्न करून गेली त्या सकाळची चिठ्ठी आहे. काढायची राहून गेली.

५ फेब्रुवारी

पहिला लेख घातला, ‘कवळी कशी होते’. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतात. मी त्यात प्लास्टर ओततो, त्यावर मेणात दात बसवतो. ती मेणातली कवळी पुन्हा डॉक्टरांकडे जाते. ते ती पेशंटच्या तोंडात घालून त्याला बोलायला लावतात. आमच्या डॉक्टरीणबाई साठ ते सत्तर आकडे म्हणायला सांगतात, कारण त्यात ‘स’ फार. ‘स’ नीट आला, दात एकमेकांवर आपटले नाहीत, तरच कवळी माझ्याकडे परत येते आणि पक्की होते. एवढं लिहायला माझ्या दोन संध्याकाळी गेल्या.

म्हणजे मी स्वतः कुणाचं तोंड बघतच नाही. माझ्यासमोर फळीवर जबड्यांची रांग असते. जिवंत तोंडात हात घातला तो आयुष्यात एकदाच, भावोजींच्या. हे काही ब्लॉगवर लिहिलं नाही. ते काम डॉक्टरांचं, आपण करायचं नसतं. पण ताईच्या लग्नाची भेट द्यायची, ती दुसऱ्याच्या हातून कशाला? इथेच जेवणाच्या टेबलाशी त्यांना बसवलं. माप घ्यायला मेणाच्या ठोकळ्यांवर हळूच जबडा मिटा म्हटलं, तर नवरदेव इतके अवघडलेले की मिटू की नको करत बसले. शेवटी मी म्हटलं, पुरे, समजलं मला. मेणातली चाचणी घेतलीच नाही. त्यांनी लग्नाच्या दिवशी डबी उघडावी आणि थक्क व्हावं असं मला वाटत होतं. तीस वर्षांनंतर मला कसली चाचणी? माझ्या हातून झालेली सर्वांत सुरेख कवळी आहे ती.

९ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन आला. बराच वेळ वाजू दिला. माणूस कामात आहे असं वाटायला नको का?

“जेवलास?”

“केव्हाच.” ओट्याशी उभ्याउभ्या ब्रेड खाल्ला होता, ते जेवणच.

मग तिने भावोजींना फोन दिला. हे गृहस्थ जन्मभर त्याच डेपोत उद्घोषक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कोणाचं लेकरू चुकलं आहे, सगळं तेच सांगायचे. त्यांनी माइक हातात घेतला की झोपलेली माणसंसुद्धा बॅगा उचलायची. ताईच्या खिडकीला लागून त्यांची खोली. आवाजावरच भाळली असणार, कारण दिसायला तसे बेताचेच आहेत. तर बोलून पोट भरलेले हे गृहस्थ माझ्याशी काय बोलले? “हं.” मी म्हटलं तब्येत काय म्हणते. “हं हं.” संपलं.

लग्नाआधी घरी यायचे तेव्हा ह्यांच्या तोंडाचा पट्टा थांबत नव्हता. मला जांभया यायच्या. आता ताई मिळाली, काम झालं. मेव्हण्यासाठी कोण तोंड झिजवतो?

फोन ठेवताना विचारलं, “कवळी कशी आहे?”

“छान आहे रे. सगळे विचारतात कोणी केली म्हणून.”

हे ऐकून मात्र बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी

ब्लॉग वाचायला किती लोक येऊन गेले हे त्यावर दिसतं. रोज आकडा वाढतोय! सकाळी दात घासायच्या आधी बघतो, लॅबमध्ये प्लास्टर सुकेपर्यंत बघतो, जेवताना बघतो. दर वेळी पुढे गेलेला असतो. कोण असतील ही माणसं? कवळीसारख्या विषयात एवढा रस? काल बाजारात एक बाई माझ्याकडे बघून हसल्या. म्हटलं वाचक असणार. त्या माझ्या मागच्या माणसाकडे बघून हसत होत्या.

१५ फेब्रुवारी

तोंडघशी पडलो. झेरॉक्सवालीला आकडा दाखवायला मोठ्या ऐटीत गेलो. ती मशीनमधून कागद काढत म्हणाली, “काका, हे सगळे तुम्हीच आहात.”

“म्हणजे?”

“तुम्ही दर वेळी उघडून बघता ना? ते मोजलं जातं. थांबा, तुमच्या स्वतःच्या फेऱ्या वगळते.” तिने काहीतरी दाबलं आणि माझा भरला दरबार जागच्या जागी उठून गेला. उरला एक. रोज एकदा कोणीतरी येतं, सगळं वाचतं आणि जातं.

“कोण असेल हो?”

“मला काय माहीत?” असं म्हणून तिने पटकन मान फिरवली. मग एकदम विचारलं, “रात्री नीट स्वयंपाक करता ना, की ब्रेडच?” ही बाई मधूनच असलं काहीतरी विचारते. मी ब्रेड खातो हे तिला कुठून कळलं कोण जाणे.

घरी येऊन पुष्कळ वेळ नुसता बसून राहिलो. इतके दिवस मी मलाच भेटायला जात होतो. दार वाजवायचं आपणच, उघडायचं आपणच, वर खूश व्हायचं की पाहुणे आले. पण तो एक जण आहे. तो तरी मी नाही.

२० फेब्रुवारी

त्या एकासाठी ब्लॉग सुधारायला घेतला. काळ्या पानावरची पिवळी अक्षरं गेली. वरून चांदण्या पडायच्या त्याही गेल्या, मला त्या फार आवडायच्या. झेरॉक्सवालीचं म्हणणं, अक्षर मोठं करा, तुमचा वाचक वयस्कर असू शकतो. आणि परिच्छेद छोटे ठेवा, माणसाला श्वास घेऊ द्या. “शिवाय काका, तुम्ही भिंतीला सांगितल्यासारखं लिहिता. कोणीतरी समोर बसलंय असं समजून लिहा ना.”

संध्याकाळी टेबलाशी बसलो. समोर ताईची खुर्ची होती, म्हणून तिच्याकडे बघून लिहिलं. एरवी दोन दिवस लागतात तो लेख चहा निवायच्या आत झाला. ‘कवळी बिघडलेली कशी ओळखावी.’ आधी लिहिलं होतं तसं दाब आणि मापं नाही, साधं लिहिलं. बोलका माणूस गप्प होतो. हसताना ओठ मिटून घेतो, नाहीतर तोंडावर हात नेतो. चावायचं काही पुढे आलं की भूक नाही म्हणतो. घरच्यांना वाटतं वय झालं, स्वभाव बदलला. स्वभाव कुठला, कवळी बदला!

शेवटचं वाक्य मला स्वतःलाच इतकं आवडलं की मोठ्याने वाचून दाखवलं. खुर्चीला.

२३ फेब्रुवारी, रविवार

ताईचा फोन. मागे खसखस आवाज येत होता. “काय करतेस?” तर म्हणे, “ह्यांच्यासाठी सफरचंद किसते आहे.” सफरचंद किसून! एवढे लाड तिने माझे कधी केले नाहीत. मला तापातसुद्धा अख्खं सफरचंद हातात मिळायचं.

भावोजी: “हं.”

मी आज ठरवून जास्त बोललो. क्रिकेटचं बोललो, डेपोच्या नव्या इमारतीचं बोललो. पलीकडे हं, हं हं, आणि एकदा नुसताच श्वास. एवढा गर्व बरा नव्हे. ताईला म्हटलं, “तुझ्या नवऱ्याची दातखीळ बसलीय का?” ती म्हणाली, “बारक्या, गॅस चालू आहे, ठेवते.” किसायला गॅस कशाला लागतो?

२५ फेब्रुवारी

पहिली प्रतिक्रिया! झेरॉक्सवालीच्या दुकानात मी अक्षरशः ओरडलो. इथे उतरवून ठेवतो:

‘आपला बिघडलेल्या कवळीवरील लेख वाचला. आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत. त्यांची अशीच अवस्था आहे. बोलताना दात एकमेकांवर आपटून टकटक होते, म्हणून ते बोलणेच टाळतात. पूर्वी फार गोड बोलत. अडचण अशी की कवळी घरच्याच माणसाने मायेने करून दिली आहे. त्याला कसे सांगावे, हे कृपया सुचवावे. कळावे.’

आहे की नाही अस्सल वाचक! ‘कृपया सुचवावे’ काय, ‘कळावे’ काय. हल्ली इतकं नीटनेटकं कोण लिहितं? रिटायर झालेले हेडमास्तर असणार.

२६ फेब्रुवारी

सगळं काम बाजूला ठेवून उत्तर लिहिलं. टकटक होते म्हणजे चावा उंच झाला. दात हवे त्याहून लांब बसले आहेत, माणसाने तोंड मिटलं तरी ते पुरतं मिटत नाही. जबड्याचं माप घेताना पेशंटने जबडा धड मिटलेला नसतो आणि माप घेणाऱ्याचं लक्ष नसतं. मेणातल्या चाचणीत हे पहिल्या ‘साठ’ला कळतं. याचा अर्थ तुमच्या घरच्या माणसाने चाचणी घेतली नाही. असल्या ठोंब्याला माया वगैरे न बघता तोंडावर सांगा. खरा कारागीर असेल तर त्याला राग येणार नाही. राग आला तर तो कारागीर नव्हे, नुसता मिजासखोर समजावा.

लेख झेरॉक्सवालीने वाचला आणि पुन्हा वरून वाचायला घेतला. “जरा जास्त कडक झालं का?” मी विचारलं. ती म्हणाली, “राहू दे, काका. झालं ते बरंच झालं.”

१ मार्च

हेडमास्तरांचं उत्तर:

‘आपला सल्ला योग्यच आहे. परंतु करणारा माणूस फार एकटा आहे. आम्ही दर वेळी कवळी छान आहे असे सांगतो, तेवढाच त्याला आनंद आहे. तो हिरावून घ्यावासा वाटत नाही. गृहस्थांचेही हेच म्हणणे आहे. ते म्हणतात, मी गप्प बसेन, पण त्याला कळू देऊ नकोस. कळावे.’

चक्रम लोक आहेत! एकाला वाईट वाटू नये म्हणून दुसऱ्याने जन्मभर मुकं राहायचं? मी लगेच खाली लिहिलं: एकटा आहे म्हणून काय लोकांची तोंडं बंद करायचा परवाना मिळाला का त्याला?

झणझणीत झालं. पण मग चहा करताना त्या दुसऱ्या माणसाचाच विचार येत राहिला. कोण असेल तो कवळीवाला? आपल्यासारखाच कुठेतरी खोलीत बसला असेल, आपलं काम फार छान झालं म्हणून खुशीत. त्याला तरी लोक आहेत, त्याच्यासाठी एवढं सहन करणारे. माझ्यासाठी कोण गप्प बसणार आहे? चहा एक कप करायला अजून जमत नाही. दोन होतात.

२ मार्च, रविवार

ताईचा फोन आला नाही. मी पण केला नाही. तिचं घर भरलेलं आहे, तिला कुठे वेळ.

८ मार्च

झेरॉक्सवाली म्हणाली, नुसती अक्षरं पुरत नाहीत, फोटो घाला. उंच चाव्याचं उदाहरण दिलंत, आता चांगल्या कवळीचं दाखवा. मी म्हटलं, तेवढंच ना? ताईच्या लग्नाचा फोटो आहे. रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेरचा, शिपायाने काढलेला. ताई, भावोजी आणि टोकाला मी, अर्धा कापलेला. भावोजींच्या तोंडात माझी कवळी, तासाभरापूर्वी डबीतून निघालेली. म्हटलं ताईला आणि मला कापून टाका, फक्त त्यांचं तोंड मोठं करा.

तिने ते मोठं केलं. पडद्यावर नुसतं तोंड आलं.

“काका,” ती म्हणाली, “हे हसतायत, की ह्यांना काही होतंय?”

मी बघितलं. असं तोंड मी तीस वर्षांत फोटोत पुष्कळदा पाहिलं आहे. डॉक्टर पाठवतात, सोबत तक्रार लिहून. ओठ मिटत नाहीत. हनुवटीची कातडी ताणलेली. गालात काहीतरी कोंबल्यासारखं. त्या सगळ्यांना मी एका नजरेत सांगायचो, चावा उंच.

“फोटो नको,” असं म्हणून बाहेर पडलो. ती मागून हाका मारत होती.

घरी आलो, पाणी प्यायला फ्रिजपाशी गेलो. चिठ्ठी समोरच होती. मागच्या दाराची कडी नीट लावावी. कळावे.

बाटली हातातच राहिली.

९ मार्च, रविवार

सकाळी सगळं पुन्हा वाचलं. हेडमास्तरांची दोन्ही पत्रं आणि माझी उत्तरं. ठोंब्या. मिजासखोर. परवाना. हे सगळं मी मलाच म्हटलं आहे, त्याचं मला काही नाही. त्याहून अधिक म्हणायला हवं होतं. भावोजींकडून माणसाचं जे हिसकावून घ्यायला नको तेच मी घेतलं, वर त्यांनाच गर्विष्ठ म्हणत बसलो. ताईला त्यांचा आवाज आवडला म्हणून तिने एवढ्या वयात माझं घर सोडलं, आणि तोच मी प्लास्टिकने बंद करून डबीतून भेट दिला. मनात काही नव्हतं हे शपथेवर सांगतो. पण चाचणी का घेतली नाही? घेतली असती तर त्यांना समोर बसवून ऐकावं लागलं असतं. मला त्यांचं ऐकायचं नव्हतं. ती दोघं माझ्या टेबलाशी बसून आनंदात होती, ते मला बघवत नव्हतं.

हे सगळं एकवेळ पचेल. ‘करणारा माणूस फार एकटा आहे’ हे वाक्य पचत नाही. ताईने लिहिलं आहे ते. कोणा दुसऱ्याबद्दल नाही. मी दर रविवारी तिचा फोन वाजू देऊन कामात असल्याचं सोंग करतो आणि ती तिकडे सफरचंद किसत, ओळखून असते.

रडू आलं. लिहून ठेवायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय?

फोन वाजत होता. या वेळी सोंग नव्हतं, उचलायची हिंमतच झाली नाही. दुपारी ब्लॉग बंद केला.

१४ मार्च

लॅबमध्ये डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आज पाच कवळ्यांमध्ये एकदासुद्धा बडबडला नाहीत, बरं नाही का? म्हटलं घसा बसलाय.

झेरॉक्सवालीच्या दुकानावरून पलीकडच्या बाजूने जातो.

१६ मार्च, रविवार

आज फोन पहिल्या घंटीला उचलला.

ताई म्हणाली, “तुझं ते पान दिसत नाहीये आठवडाभर. तब्येत बरी आहे ना?”

“कुठलं पान?”

ती गडबडली, “नाही म्हणजे, आमच्या शेजारी एक गृहस्थ आहेत, ते वाचतात...”

“ताई.”

“झेरॉक्सवालीने सांगितलं रे मला. तिचा नंबर आहे माझ्याकडे. मीच तिला म्हटलं होतं, ह्याला काहीतरी लिहायला लाव, नाहीतर हा भिंतीशी बोलेल.” मग घाईघाईने, “आणि अक्षर मोठं केलंस ते बरं केलंस. ते पिवळं दिसत नव्हतं मला.”

मला पुष्कळ बोलायचं होतं. आठवडाभर वाक्यं जुळवली होती. एकही तोंडातून फुटेना. म्हटलं, “भावोजींना दे.”

“हं,” भावोजी म्हणाले.

“भावोजी, तो ठोंब्या मी आहे.”

मग मीच पुढे म्हटलं,

“कवळी काढा. दोन्ही काढा, बाजूला ठेवा. आता बोला.”

खडखड आवाज आला, वाटीत ठेवली असावी. मग बोळक्या तोंडातून, हवा निसटत, पण तोच आवाज आला, झोपलेल्यांना उठवणारा. “बारकोबा, तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.” आणि त्यापुढे ते थांबलेच नाहीत. घराचं बोलले, गच्चीवरच्या पाण्याचं बोलले, ताईला आता रिकाम्या खुर्च्यांवर विसरलेल्या वस्तू दिसायला लागल्यात म्हणून हसले. तीन महिन्यांचं साठलेलं होतं. मधे ताईचा हसण्याचा आवाज येत होता. मी फोन कानाला लावून खाली फरशीवर बसलो. जांभई आली नाही.

शेवटी म्हटलं, “मी पुन्हा करून देतो. नाहीतर आमच्या डॉक्टरीणबाईंकडे नेतो, त्या चांगल्या आहेत.”

भावोजी म्हणाले, “त्यांना माप घेऊ दे. दात तुम्हीच बसवा.”

२२ मार्च

दोघं आले. डॉक्टरीणबाईंना आधीच सगळं खरं सांगितलं होतं. त्यांनी मला तासभर फैलावर घेतलं, मग माप घेतलं. या वेळी मी बाजूला उभा राहून बघितलं. जबडा मिटल्यावर माणसाचा चेहरा असा शांत होतो हे मला माहीतच नव्हतं. जबडे मी हजारो पाहिले, चेहरे नाहीत.

रात्री राहिले. ताईने ब्रेडचा डबा उघडून बघितला आणि काही न बोलता बंद केला.

२३ मार्च, रविवार

ते सकाळच्या गाडीने गेले. ब्लॉग पुन्हा उघडला. ‘तो ठोंब्या मीच’ असा लेख लिहिला, काही लपवलं नाही. झेरॉक्सवालीने वाचून नाक पुसलं आणि म्हणाली, काका, एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलंय.

५ एप्रिल

मेणातली चाचणी. डॉक्टरीणबाईंनी भावोजींना साठपासून म्हणायला सांगितलं. साठ, एकसष्ट, बासष्ट. प्रत्येक ‘स’ स्वच्छ. टकटक नाही. त्रेसष्टपासून त्यांचा आवाज चढत गेला आणि बाहेर बाकावरचे पेशंट आत डोकावायला लागले. सत्तरला थांबायचं असतं, ते ब्याऐंशीपर्यंत गेले. ताई भिंतीला टेकून उभी होती. तिच्याकडे बघायचं मी टाळलं, कारण मग मलाही आवरलं नसतं.

१२ एप्रिल

पक्की कवळी आज बसवली. डॉक्टरीणबाईंनी एकदा बघितलं, म्हणाल्या उत्तम, आता माझं काही काम नाही, आणि पुढच्या पेशंटकडे गेल्या. घरी आलो. भावोजींनी सफरचंद अख्खं चावून खाल्लं आणि खाताखाताही बोलत होते. जेवणं झाली. गाडीची वेळ झाली तशी ताईने पिशवी खांद्याला लावली. घर मला आत्तापासूनच मोठं वाटायला लागलं होतं.

“झालं ना आता?” तिने विचारलं. “की अजून यावं लागेल?”

मी भावोजींना म्हटलं, जरा आ करा. त्यांनी केला. खिडकीच्या उजेडात वाकून नीट बघितलं. कुठे खुपत नव्हतं, कुठे उंच नव्हतं. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं.

“यावं लागेल,” मी म्हणालो. “पुढच्या शनिवारी. त्याच्या पुढच्यालाही बहुतेक. काम नाजूक आहे.”

ताईने माझं काम तीस वर्षं याच टेबलावर बघितलं आहे. तिने भावोजींच्या तोंडाकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“मग घाई करू नकोस,” ती म्हणाली.